अन्न, यंत्र आणि गृहस्थाचा हात

गृहस्थाश्रमातील धर्मप्रश्न पुष्कळदा स्वयंपाकघरात जन्मास येतात. रणांगणावर उभे राहण्याचा प्रसंग आपणांपैकी फार थोड्यांवर येतो. परंतु दोन वेळची चूल प्रत्येकाच्या घरी पेटते, आणि कर्म, कर्ता, फल, त्याग हे गीतेतील सर्व शब्द त्या चुलीभोवती नित्य उभे असतात. आपले लक्ष तिकडे जात नाही, इतकेच. असाच एक वरवर लहान दिसणारा प्रश्न गेल्या वर्षी एका घरी उपस्थित झाला. तो पुष्कळ घरांचा प्रश्न आहे असे वाटल्यावरून त्याचा विचार येथे मांडीत आहे.

इंदूर येथे आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. सर्वजण त्यांना नाना म्हणतात. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले, नित्य एक अध्याय वाचल्यावाचून अन्नग्रहण न करणारे असे ते सात्त्विक गृहस्थ आहेत. त्यांच्या सूनबाई एका रुग्णालयात परिचारिका असून त्यांना पहाटे सहालाच घर सोडावे लागते. घरातील पोळ्यांचा भार अर्थातच सासूबाईंवर. आणि त्यांच्या मनगटांना संधिवाताने ग्रासलेले. हे पाहून सूनबाईंनी स्वतःच्या पगारातून पाव करण्याचे एक विजेचे यंत्र आणले. रात्री त्यात गव्हाचे पीठ, पाणी, मीठ, थोडे तेल आणि यीस्ट घालून कळ दाबावी. पहाटे भाजलेला पाव तयार. मुले हरखली. सासूबाईंनाही हायसे वाटले. नाना मात्र त्या पावास शिवले नाहीत. “ज्या अन्नास माणसाचा हात लागला नाही, ते देवापुढे कसे ठेवावे? आणि जे देवापुढे ठेवता येत नाही, ते मी कसे खावे?” असे त्यांचे म्हणणे.

परिणाम असा झाला की, घरातील सर्वांकरिता यंत्र, आणि एकट्या नानांकरिता सासूबाईंची दुखरी मनगटे! भेटीस गेलो असता नानांनी मलाच विचारले, “तुम्ही गीता वाचता, यात माझे काय चुकले ते सांगा.” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे विचार करता जे सुचले ते असे.

प्रथम हे पाहू की, पाव होतो म्हणजे काय होते. पिठात पाणी मिसळले की गव्हातील प्रथिने परस्परांस धरू लागतात आणि मळण्याने त्यांचे लवचिक जाळे तयार होते. यीस्टचे सूक्ष्म जीव पिठातील शर्करा खाऊन वायू सोडतात. तो वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. पुढे अग्नी त्या फुगीरपणास स्थैर्य देतो. यंत्राच्या भांड्याच्या तळाशी एक लहान पाते असते. ते पीठ मळते, मग यंत्र उबदार राहून पिठास विश्रांती देते आणि शेवटी त्याच भांड्यात भाजते. या सर्वांस तीन-चार तास लागतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कामाचा मोठा भाग हातही करीत नाही आणि पातेही करीत नाही. तो यीस्टचे जीव करतात आणि काळ करतो. सैलसर भिजवलेले पीठ बारा-पंधरा तास नुसते झाकून ठेवले, तरी ते जाळे बऱ्याच अंशी आपोआप जुळून येते, हे पाव करणाऱ्यांना ठाऊक आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. पुढे सोळाव्या श्लोकात भगवान सांगतात की, असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला खरे दिसतच नाही. ही पाच कारणे आपल्या प्रश्नास लावून पाहा. यंत्राचे पाते हे करण आहे. पोळपाट-लाटणे हेही करणच. आणि थोडे खोल जाऊन पाहिले, तर आपला हात हासुद्धा करणच आहे. कर्ता त्या हातामागे असतो. तेव्हा हात की यंत्र हा वाद दोन करणांमधील वाद झाला. पुण्य आणि पाप करणास चिकटत नाही. ते कर्त्याच्या बुद्धीपाशी जाऊन थांबते. “हे मी माझ्या हातांनी केले” हा अभिमान आणि “मला काही करावे लागले नाही” हा आळस, ही दोन्ही कर्त्याचीच दूषणे होत. पहिले राजस, दुसरे तामस.

आता नानांचा नैवेद्याविषयीचा आक्षेप घेऊ. नवव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात भगवंतांनी आपणास काय चालते ते सांगितले आहे. पान, फूल, फळ आणि पाणी अशी चारच नावे तेथे आहेत. वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे: या चारांपैकी एकही वस्तू माणसाच्या हाताने घडवलेली नाही! तेव्हा ‘मानवी हाताने बनवलेले असणे’ ही नैवेद्याची अट तेथे नाही. अट आहे ती अर्पण करणाऱ्याच्या भक्तीची आणि अंतःकरण शुद्ध असण्याची. यीस्टने फुगवलेला पाव नैवेद्यास न ठेवण्याचा कित्येक घरांचा कुलाचार आहे. तो ज्याने त्याने अवश्य पाळावा. देवापुढे दूध, फळ वा वाटीभर भात ठेवावा. परंतु कुलाचार वेगळा आणि ‘हात लागला नाही म्हणून अपवित्र’ हा सिद्धान्त वेगळा.

शिवाय, हाताचा हा आग्रह आपण किती मागे नेणार? एके काळी पहाटे घरोघरी जाते फिरत असे. महाराष्ट्रातील स्त्रियांनी त्या जात्यावर बसून ज्या ओव्या रचल्या, त्यांचा संग्रह करण्याचे काम हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती घेतले. त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. एवढे काव्य त्या दगडापाशी जन्मले हे खरे. पण त्याच ओव्यांतून त्या श्रमाचे दुःखही बोलते, हे विसरता येत नाही. पुढे पिठाची गिरणी आली. आज हाताने लाटलेल्या पोळीचा कैवार घेणारे आपण सर्व गृहस्थ पीठ मात्र गिरणीतूनच आणतो आणि त्याची पोळी निःशंक मनाने देवापुढे ठेवतो. जात्याच्या जागी यंत्र आले तेव्हा धर्म बुडाला नाही. तर मग परातीच्या जागी यंत्र आल्याने तो कसा बुडेल?

पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे संत जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवतात. जनीबरोबर पांडुरंग दळू लागला, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक आहे. या कथेत देव दळणाचे माहात्म्य सांगण्यास आला नाही. एकटीने दळणारी दासी थकली आहे हे पाहून त्याने जात्याच्या खुंट्यास हात लावला. कोणाचा तरी भार हलका करण्यास जे धावते ते देवाच्या बाजूचे, असा या कथेचा सरळ अर्थ आहे. सूनबाईंनी यंत्र आणले ते सासूबाईंच्या मनगटांकडे पाहून. त्या यंत्रामागची प्रेरणा जनीच्या जात्यामागच्या प्रेरणेहून फार दूरची नाही.

येथे महात्मा गांधींचे उदाहरण घेणे योग्य होईल. कारण यंत्राविषयी त्यांच्याइतका कठोर विचार अर्वाचीन काळात थोड्यांनीच केला असेल. सन १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्या’त त्यांनी यंत्रसंस्कृतीवर प्रखर टीका केली. तथापि १९२४ साली एका तरुणाच्या प्रश्नास उत्तर देताना त्यांनी शिवणयंत्रास अपवाद मानले, आणि त्याचे कारण मोठे हृद्य दिले: पत्नीला हाताने शिवणकाम करताना होणारे कष्ट पाहून, प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र शोधले, असे ते म्हणाले. म्हणजे यंत्राची परीक्षा त्यांनी त्यामागील हेतूवरून केली. त्याच वेळी माणसाचे अवयव निकामी करणारे यंत्र त्यांना नको होते, हेही त्यांनी स्पष्ट केले.

इतके वाचून कोणी म्हणेल, “तर मग ठरले. यंत्र घ्यावे आणि निवांत बसावे.” वाचकहो, एवढ्या लवकर सुटण्याजोगा हा प्रश्न नाही. गीतेने एकीकडून मोकळीक दिली तशी दुसरीकडून चौकीही बसवली आहे. अठराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात सांगितले आहे की, शरीरास क्लेश होतील या भीतीने जो कर्म टाकतो त्याचा त्याग राजस होय, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. सूनबाई दिवसभर रुग्णांची सेवा करतात. त्यांनी श्रम टाकलेले नाहीत, एका कर्तव्यातून शक्ती वाचवून दुसऱ्या कर्तव्यास लावली आहे. परंतु ज्याचे हातपाय धड आहेत, ज्यास वेळ आहे, तो केवळ कंटाळ्यापोटी पीठ मळणे टाकतो, आणि सायंकाळी दंडांना व्यायाम हवा म्हणून व्यायामशाळेत पैसे भरतो, त्याच्या घरातील यंत्र आणि सूनबाईंचे यंत्र एकाच कारखान्यातून आले असले, तरी धर्मदृष्ट्या ती दोन निराळी यंत्रे आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाव करण्याची घरगुती यंत्रे प्रथम जपानमध्ये निघाली. तेथील मात्सुशिता या कंपनीत १९८५ च्या सुमारास असे एक यंत्र घडवण्याचा प्रयत्न चालू होता. परंतु पीठ काही केल्या नीट मळले जाईना. पावाचा वरचा पापुद्रा करपे आणि आत तो कच्चा राही. अभियंत्यांनी हाताने मळलेल्या आणि यंत्राने मळलेल्या पिठाची क्ष-किरण चित्रे काढून ताडून पाहिली, तरी मर्म कळेना. तेव्हा इकुको तानाका नावाच्या एका महिला सहकारिणीने ओसाका येथील एका प्रसिद्ध हॉटेलाच्या मुख्य पाववाल्याकडे शिष्यत्व पत्करले. त्याच्या शेजारी उभे राहून, स्वतःचे हात पिठात घालून, तिने पाहिले की, तो पीठ नुसते दाबीत नाही. ते ताणता ताणता त्याला एक विशिष्ट पीळ देतो. हे त्या कारागिराला शब्दांत सांगता येत नव्हते. ते त्याच्या हातांत होते. त्यानंतर सुमारे एक वर्ष खटपट करून, यंत्राच्या भांड्यात आतून खास कंगोरे बसवून, तो पीळ यंत्रात उतरवण्यात आला आणि १९८७ मध्ये ते यंत्र बाजारात आले. नोनाका आणि ताकेउची या दोन जपानी विद्वानांनी आपल्या ग्रंथात हा वृत्तान्त सविस्तर दिला आहे.

या वृत्तान्ताचा बोध फार मोलाचा आहे. यंत्राचे कौशल्य हे मूळचे कोणा माणसाच्या हातचे कौशल्य होय. हात हा यंत्राचा गुरू आहे. सूनबाईंच्या यंत्रातील पात्यामागेही कोणा अनाम पाववाल्याचा जन्मभराचा अभ्यास आहे. तेव्हा ‘या अन्नास माणसाचा हात लागला नाही’ हे नानांचे म्हणणे वस्तुतः खरे नाही. हात लागला आहे, तो दिसत नाही इतकेच. परंतु त्याचबरोबर हेही खरे की, यंत्राच्या भरवशावर सर्वच हात जर ती विद्या विसरले, तर पुढच्या यंत्राने शिकावयाचे कोणापासून? ज्याचे ऋण घेतले त्यास जिवंत ठेवणे हा ऋणकोचा धर्म आहे. घरात पोळी, भाकरी, पाव हाताने करण्याची विद्या अगदीच नाहीशी होऊ देणे म्हणजे त्या गुरूचे ऋण बुडवणे होय.

गांधीजींच्या आत्मकथेत एक गोड प्रसंग आहे. जोहान्सबर्ग येथे राहत असता त्यांनी पाववाल्याकडील पाव बंद करून घरीच, यीस्टवाचून, कोंड्यासह दळलेल्या पिठाचा पाव करण्यास आरंभ केला आणि त्याकरिता सात पौंड देऊन हाताने फिरवण्याची एक चक्की विकत घेतली. तिचे लोखंडी चाक एकट्यास जड जाई, पण दोघांस सोपे जाई. ते स्वतः, त्यांचे स्नेही पोलाक आणि मुले मिळून ती फिरवीत. मुलांवर सक्ती नसे. दमली की ती सोडून जात. या प्रसंगात मला दोन गोष्टी दिसतात. एक, हाताच्या दळणाचा आग्रह ज्या गृहस्थाने धरला, त्याने स्वतःचाच हात प्रथम त्या चाकास लावला. दुसरी, अन्न कसे तयार होते हे मुलांनी पाहिले. ज्या मुलाने पीठ फुगताना पाहिले नाही, पोळी करपताना पाहिली नाही, त्यास ताटातील अन्न टाकताना संकोच का वाटावा?

आता मनुस्मृतीतील एका विचाराकडे वळू. गृहस्थाच्या घरी हिंसेची पाच स्थाने असतात असे तिच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे: चूल, जाते वा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाचही ठिकाणी नकळत जीव मरतात. म्हणून गृहस्थास नित्य पाच महायज्ञ सांगितले. देव, ऋषी, पितर, मनुष्य आणि भूतमात्र या सर्वांचा वाटा काढून मग जेवावयाचे. पाहा, आपल्या पूर्वजांनी हाताच्या जात्यालाही निर्दोष मानले नाही! स्वयंपाक कोणत्याही साधनाने करा, त्याला दोष चिकटतोच. तो फिटतो वाटा काढण्याने. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा तेरावा श्लोक हेच सांगतो: यज्ञ करून उरलेले खाणारे दोषांतून मुक्त होतात, आणि केवळ स्वतःकरिता शिजवणारे पापच खातात. म्हणजे निर्णायक प्रश्न ‘कशाने शिजवले’ असा नसून ‘कोणाकरिता शिजवले’ असा आहे.

अमृतसरच्या हरिमंदिर साहिबातील लंगर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तेथे दररोज हजारो लोक एका पंगतीस बसतात. स्त्री-पुरुष सेवेकरी हाताने पोळ्या लाटतात, आणि पोळ्यांची मोठी यंत्रेही चालतात. हाताची पोळी आणि यंत्राची पोळी एकाच टोपलीत पडते. खाणाऱ्यास भेद दिसत नाही, कारण वाढणाऱ्याच्या मनात भेद नाही. भुकेल्यांची संख्या मोठी असली की यंत्र हेच यज्ञाचे साधन बनते. आणि सेवेची इच्छा असली की हातांनाही तेथे काम उरतेच.

या सर्व विचारावरून, ज्याच्या घरी असे यंत्र येऊ पाहते त्या गृहस्थाने स्वतःस तीन प्रश्न विचारावे असे मला वाटते.

पहिला, याने कोणाचा भार हलका होतो? घरातील थकलेल्या माणसाचा होत असेल तर ते यंत्र स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या घरी पोळ्या करण्यास येणाऱ्या एखाद्या बाईंचा संसार त्या कामावर चालत असेल, तर तिची वाट बंद करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यातून लिज्जत पापडाची थोर संस्था उभी राहिली. तेथे आजही भगिनींच्या हातांनी पापड लाटले जातात. हजारो घरे जेथे लाटण्यावर चालतात, तेथे लाटणे हीच लक्ष्मी होय.

दुसरा, वाचलेला वेळ कोठे जातो? तो रुग्णसेवेत, मुलांच्या अभ्यासात, स्वाध्यायात, निदान थकलेल्या देहाच्या झोपेत गेला तर तो सत्कारणी लागला. तो निरर्थक करमणुकीत विरघळला, तर यंत्राने आपला वेळ वाचवला नाही. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने परत घेतला.

तिसरा, यंत्र बंद पडले त्या दिवशी घरात किती हात उरतात? वीज जाते, पाते झिजते. त्या दिवशी घर उपाशी राहणार असेल, तर आपण साधनाचे स्वामी नसून दास झालो आहोत असे समजावे.

आता नानांकडे परत येऊ. दिवाळीनंतर मी पुन्हा इंदुरास गेलो, तेव्हा हे विचार मी त्यांच्यापुढे मांडले. भीत भीतच मांडले. कारण वडीलधाऱ्या माणसास त्याचा दोष दाखवणे अवघड असते. मी म्हणालो, “नाना, हाताच्या पोळीचा आपला आग्रह मला चुकीचा वाटत नाही. फक्त तो आग्रह आपला आहे आणि हात काकूंचे आहेत, एवढेच मला खटकते.” नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू आत होत्या. त्यांनी ऐकले असावे, कारण भांड्यांचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान-संध्या आटोपून नाना स्वयंपाकघरात गेले आणि परात घेऊन बसले. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी आयुष्यातील पहिली कणीक मळली. पाणी जास्त झाले, पीठ हातांस चिकटले; नातवंडे हसली, नानाही हसले. काकूंनी दारात उभे राहून केवळ सूचना दिल्या. जी पोळी झाली ती कोणत्याच देशाच्या नकाशाशी जुळणारी नव्हती. परंतु ती देवापुढे ठेवताना नानांच्या डोळ्यांत जे पाणी आले ते मी पाहिले आहे. आता नैवेद्याची पोळी नाना स्वतः करतात. घरातील इतरांकरिता सूनबाईंचे यंत्र रात्रभर चालते, आणि सकाळी त्यातील पावाचा एक तुकडा नानाही चहाबरोबर घेतात. काकूंच्या मनगटांना विसावा मिळाला आहे.

गीतेने अर्जुनाच्या हातचे धनुष्य काढून घेतले नाही आणि नुसत्या धनुष्याची स्तुतीही केली नाही. ते धरणाऱ्याची बुद्धी तिने शुद्ध केली. आपल्या स्वयंपाकघरातील साधनांविषयीही तीच दृष्टी ठेवावी. यंत्र ज्याला आणावयाचे त्याने ते दुसऱ्याचे श्रम पाहून आणावे. हाताची भाकरी ज्याला हवी त्याने प्रथम आपला हात पुढे करावा. आणि भाकरी कशाही रीतीने झालेली असो, तिचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वी आपल्या दाराशी कोणी उपाशी तर नाही ना, एवढे पाहावे. मग ते अन्न प्रसाद होण्यास दुसऱ्या कशाची आवश्यकता उरत नाही.